दोरीबाहेरचे चौदा महिने

खोकेकाकांना हे नाव मी दिलेलं नाही. मी लिलावगृहात कामाला लागले तेव्हा ते त्यांना पुरतं चिकटलेलं होतं. कारण साधं होतं. लोक खेळणी घ्यायचे आणि काका खोकी घ्यायचे. पत्र्याच्या मोटारी, चावीच्या आगगाड्या, शिशाचे सैनिक असलं सगळं विकलं गेलं की शेवटी एखादं रिकामं, कोपरे फाटलेलं पुठ्ठ्याचं खोकं उरायचं. ते कुणाला हवंय का, असं मालकांनी विचारायच्या आत मागच्या रांगेतून काकांचा हात वर झालेला असायचा. व्यापारी हसायचे. काकाही त्यांच्याबरोबर हसायचे, पण हात काही खाली घ्यायचे नाहीत.

त्यांचं म्हणणं असं, की खेळणं मूल हातात घेतं आणि खोकं फेकून देतं, म्हणून जगात खेळण्यापेक्षा त्याचं खोकं कमी सापडतं. आधी खोकं मिळवावं आणि मग आतल्या मालाची वाट बघावी. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात इतक्या गंभीरपणे समजावलं, की माणूस बरा आहे ना, अशी शंका मला आली.

पोटापाण्यासाठी ते बसच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करायचे. तिथे बत्तीस वर्षं काढली. घरी दीड मोटारसायकल होती. एक त्यांच्याहून वयाने मोठी, तिसऱ्या किकला हमखास चालू होणारी. अर्धी म्हणजे लिलावात सुट्या भागांत मिळालेली, तिची टाकी कपाटावर आणि इंजिन जेवणाच्या टेबलाखाली. पाहुणा पाय लांब करायला गेला की कळवळायचा. या घरात आपला नंबर दीड गाड्यांनंतर लागतो, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि ते इंजिन दर रविवारी त्याच पुसायच्या.

आमच्याकडे लिलाव शनिवारी आणि मालाची पाहणी गुरुवारी. पाहणीच्या दिवशी टेबलं मांडून भोवती जाडी दोरी बांधायची. दोरीच्या आत गेलेल्या माणसाला वस्तू हातात घेऊन बघता येते. गुरुवारी दहाला दार उघडलं की पहिले आत येणार काका. घड्याळ काढायचे, अंगठी काढायची, दोन्ही खिशात टाकायचे. टेबलावर रुमालाची घडी पसरायचे आणि मग वस्तू दोन्ही हातांनी खालून उचलायचे. बसचे ब्रेक खोलणारे ते राठ हात पत्र्याच्या मोटारीखाली गेले की इतके हलके व्हायचे, की मी हातातलं काम सोडून बघत राहायचे. व्यापारी एकमेकांच्या सावलीवरही विश्वास ठेवायचे नाहीत, पण अडलं की सगळे म्हणायचे, काका, जरा हातात घेऊन बघा हो.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा घोळ मीच घातला. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नवरा इमारतीच्या परांचीवरून पडून पायाला सळ्या घालून घरी पडला होता आणि मुलगी पहिलीत होती. लिलावगृहातली ही नोकरी गेली असती तर चूल विझली असती, इतकं ते सरळ होतं. त्यातून माझा स्वभाव असा, की धूळ दिसली की हात शिवशिवतात. आमच्या आईची ही देणगी. तिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून यायची.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी नऊलाच आले. टेबलावर एक चावीची पत्र्याची मोटारसायकल होती, साइडकारवाली, वर लाल टोपीचा मिशाळ चालक. ऐंशी वर्षांची धूळ अंगावर घेऊन बसला होता बिचारा. मला वाटलं, लोक बघायला येणार आणि हे ध्यान असं कसं ठेवायचं? मागच्या मोरीत नेऊन भांड्यांची पावडर लावली आणि काथ्याने दोन हात फिरवले. टोपी गेली, मिशी गेली, डोळे गेले. पाणी ओतलं तेव्हा तिथे नुसता चकचकीत पत्रा होता आणि त्यात मला माझंच नाक दिसत होतं.

या धंद्यात जुन्या मालाला पाणी लावत नाहीत, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणी सांगायची गरज नव्हती, हे मला त्या कोऱ्या पत्र्याकडे बघताच कळलं. मी ती पुसली, जागेवर ठेवली, तोंड भिंतीकडे केलं आणि दहाचे ठोके ऐकले.

काका आत आले ते थेट त्या टेबलाकडे. का, ते मला नंतर समजलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एक रिकामं खोकं घेतलं होतं. झाकणावर चित्र होतं साइडकारच्या मोटारसायकलचं, लाल टोपीच्या मिशाळ चालकासकट. अकरा वर्षं ते या चालकाची वाट बघत होते. लिलावाची तारीख विचारायला दोनदा येऊन गेले होते.

त्यांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, रुमाल पसरला, मोटारसायकल उचलली आणि फिरवली.  मग नाकाशी नेऊन वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोसला असता. आगगाडी डोळ्यांदेखत सुटलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

तेवढ्यात मालक आले. मालकांचं म्हणजे सगळं नियमाने. भिंतीवर पाटीच होती. पाहणीत ज्याच्या हातून वस्तू बिघडेल त्याने ती अंदाजी किमतीला घ्यायची, आणि पुढे त्याने दोरीच्या बाहेरूनच बघायचं. मालकांनी पत्र्याचं ते कोरं तोंड बघितलं आणि त्यांचा आवाज चढला, की हे कुणी केलं? 

काका म्हणाले, "माझ्या रुमालानं गेलं. रुमालाला वर्कशॉपचं पेट्रोल लागलं होतं, माझ्या लक्षात नाही आलं."

 मी एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं, पण मी ब्र काढला नाही. काकांनी अंदाजी किंमत भरली, मोटारसायकल रुमालात गुंडाळली आणि दोरीच्या बाहेर गेले.

शनिवारपर्यंत बाजारात एकच चर्चा. काही म्हणाले, म्हातारा झाला. पण बाकीचे म्हणत होते त्याने माझा जीव अर्धा झाला. त्यांच्या मते काकांनी मुद्दाम तोंड पुसलं, म्हणजे बोली न होता वस्तू पदरात पडते. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘काका, बघा हो’ केलं, तेच हे बोलत होते. आणि मी चहाचे पेले आवरत मूग गिळून ऐकत होते.

काका मात्र दर गुरुवारी यायचे. दोरीला पोट टेकवून उभे राहायचे. आमच्याच लिलावात घेतलेली नाटक बघायची एक छोटी दुर्बीण त्यांनी बरोबर आणायला सुरुवात केली. ती डोळ्याला लावून सहा हातांवरची खेळणी बघायचे. लोक हसायचे तर म्हणायचे, माणसाने दोन पैसे कमी खर्च करावेत म्हणून देवाने दोरी केली. मी आत टेबलापाशी उभी असायचे आणि त्यांच्याकडे पाठ करायचे.

महिनाभराने हिंमत करून मी त्यांच्या घरी गेले. दारातच रडू फुटलं. काकांनी मला बसवलं, टेबलाखालच्या इंजिनापासून पाय सांभाळायला सांगितलं आणि विषय संपवायला बघितला. वर्कशॉपमध्ये रीत होती म्हणाले, नव्या माणसाची पहिल्या महिन्यातली चूक जवळच्या जुन्या माणसाने अंगावर घ्यायची. त्यांनी स्वतः पहिल्या महिन्यात एका बसचा ब्रेक उलटा बसवला होता आणि त्यापायी शेजारच्या माणसाची बढती अडकली होती. त्या माणसाने शेवटपर्यंत काकांचं नाव घेतलं नाही.

मी म्हटलं, "पण तुम्ही आमच्या कामावरचे कुठे आहात?"

"त्या टेबलापाशी तुझ्याहून जुना मीच होतो," काका म्हणाले.

चालकाचा चेहरा कुणाकडून तरी रंगवून आणून देते, असं मी सुचवलं. ते त्यांनी धुडकावलं. रंगवलेला चेहरा खोटा होईल, पुसलेला निदान खरा आहे. त्यांनी खोकं उघडून दाखवलं. झाकणावरचा चालक हसत होता आणि आतल्याला तोंडच नव्हतं. काकू मधेच म्हणाल्या, की हा आता आमच्या ह्यांच्यासारखा झाला, बोलायचं तेव्हा गप्प. मी हसले आणि घरी येऊन रात्रभर मुलीला कुशीत घेऊन पडून राहिले. नोकरी होती. औषधं येत होती. मी रोज मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होते आणि रोज गप्प बसत होते.

असे तेरा महिने गेले. मग एक दिवस भाजीच्या दुकानात काकू भेटल्या. त्या एकट्या होत्या, आणि पिशवीत काकांचं औषध होतं. त्यांनी सहज सांगितलं, तसं सांगण्यासारखं काही नसल्यागत.

"ह्यांचे हात थरथरायला लागलेत गं. डॉक्टर म्हणतात, आता वाढतच जाणार. कपसुद्धा धरवत नाही. परवा म्हणत होते, वर्षभर आत असतो तर किती वस्तू हातात घेऊन झाल्या असत्या."

मग त्यांनी जीभ चावली आणि भाव विचारायला वळल्या. मी भाजी तिथेच टाकून निघाले.

मला वाटत होतं, काकांनी माझ्यासाठी पैसे घातले आणि नाव घातलं, आणि नाव काय, कधीतरी परत मिळेल. पण त्यांच्या हातांत जेवढे दिवस उरले होते, ते सगळे मी त्यांना दोरीबाहेर उभं करून घालवले होते. नवरा अजून घरीच होता. पाय अजून टेकवत नव्हता. मी त्याला सांगितलं, उद्या माझी नोकरी जाईल. तो म्हणाला, मग परवापासून मी बसून करता येईल असं काम शोधतो, तू जा. नवऱ्याचेही उपकार मला फेडायचे आहेत.

मालकांना मी सगळं सांगितलं, पावडरीपासून काथ्यापर्यंत. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मला बसायलाही सांगितलं नाही. शेवटी एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "जे बोललात ते लिहा. खाली सही करा. नोकरी राहील, पण हा कागद पाटीशेजारी लागेल आणि वर्षभर राहील."

लिहिताना अक्षर इतकं वेडंवाकडं आलं, की त्यांनी मला ते दुसऱ्यांदा लिहायला लावलं. वाचता आलं पाहिजे, म्हणाले.

पुढच्या गुरुवारी दार उघडलं तेव्हा व्यापारी त्या कागदासमोर गर्दी करून उभे राहिले. कुणी मोठ्याने वाचलं. मी टेबलापाशी उभी होते, कान तापले होते, पण पाठ कुणाकडे केली नव्हती. काका जरा उशिरा आले. तेही वाचायला थांबले. दुर्बीण काढून त्यांनी कागद वाचला, म्हणजे दुर्बिणीची सवय किती झाली होती बघा. मग माझ्याकडे असे रागाने बघायला लागले, की मला वाटलं, आता सगळ्यांसमोर झापणार. त्यांनी लपवलेलं मी चव्हाट्यावर मांडलं होतं ना.

मालकांनी स्वतः येऊन दोरीचा आकडा काढला. ज्याने बाजारभर सगळ्यात जास्त बडबड केली होती, तो जाडा व्यापारी बाजूला सरकला आणि खाली मान घालून म्हणाला, "या काका."

काका आत आले. घड्याळ काढलं, ते काढायलाच वेळ लागला. अंगठी काढताना बोट अडकलं. रुमाल पसरला. समोर पत्र्याचा आगीचा बंब होता, शिडीवाला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि ते बंबापासून वीतभर अंतरावर थांबले. सगळ्यांना दिसत होतं. हात आपले आपण हलत होते. काकांनी एकदा बंबाकडे बघितलं, एकदा हातांकडे, आणि हात सावकाश खिशात घातले.

"तू उचल," ते मला म्हणाले. "मी बघतो."

मी म्हणाले, काका, मी? ते म्हणाले, मग काय तो जाडा उचलणार?

मी बंब दोन्ही हातांनी खालून उचलला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी सांगितलं तसा फिरवला, उलटा केला, चावीची बाजू दाखवली. मग पुढची वस्तू, मग तिच्या पुढची. मागे माणसं खोळंबली होती, पण कुणी घाई करा म्हणालं नाही. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी टेबलांवरच्या एकेचाळीस वस्तू उचलल्या. त्यांतली एकही त्यांना घ्यायची नव्हती. शेवटची खाली ठेवली तेव्हा माझे दंड भरून आले होते, आणि मला वाटत होतं, अजून चार टेबलं मांडलेली असती तर बरं झालं असतं.