रोज एक गोळी, बाटल्या नऊ

आखाती युद्धाच्या वेळी मी रियाधला होतो म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. त्यांना क्षेपणास्त्रं ऐकायची असतात. माझ्याकडे तसलं काही नाही हो. त्या हिवाळ्यात आम्ही बाथटबमध्ये पाणी साठवलं, कपाटात टूनाचे डबे साठवले, आणि न साठवता साठले ते मुकुंदच्या केसांचे किस्से.

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत होतो. फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर दोघं: एक्स-रे काढणारे रत्नागिरीचे कादरभाई, आमच्यात वयाने मोठे, आणि लॅबमधला सांगलीचा मुकुंद. मुकुंदचं लग्न नाशिकच्या मुलीशी ठरलं होतं, नुसत्या फोटोवर. फोटो चार वर्षांपूर्वीचा, कपाळावर झुलपं असलेला. आता ते कपाळ मागच्या कॉलरला भेटायला निघालं होतं. युद्धामुळे लग्न पुढे गेलं तर हा खुशीत. "तेवढ्यात उगवतील रे," म्हणायचा. पण मुलगी बघून नाही म्हणाली तर, या धास्तीने त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

*

आमचं चहाचं गाळणं रोज सकाळी गायब व्हायचं. एकदा कादरभाईंनी बाथरूमच्या दारावर थाप मारली, तर हा गाळणं हातात घेऊन बाहेर आला. आंघोळीत केस किती जातात ते बघायला पठ्ठ्या ते मोरीच्या जाळीवर ठेवायचा. नंतर धुऊन जागेवर ठेवायचा म्हणे.

कादरभाई शांतपणे म्हणाले, "दोन महिने मी म्हणतोय, दूध बदलूया."

त्याच दिवशी नवं गाळणं आणलं आणि जुनं मुकुंदच्या नावावर करून टाकलं.

*

मग तो आमच्या स्किनच्या इजिप्शियन डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रक्त तपासलं. "सगळं उत्तम आहे. कशाची कमतरता असती तर गोळी दिली असती. कमतरताच नाही, तर काय देऊ?"

मुकुंद हलेना. डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांचा फोटो आहे?"

याने पाकिटातून काढून दिला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून नीट पाहिला, "खलास," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

*

कुवेतवर हल्ला झाल्यापासून आपली कुटुंबं निघायला लागली होती, कुणी जेद्दाहला, कुणी सरळ घरी. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्याला काहीतरी देऊन जायचं, अशी रीतच पडली. लोणचं, तुळशीची कुंडी, अर्धी गोणी तांदूळ. मुकुंद म्हणायचा, "लोणचं राहू द्या वहिनी, व्हिटामिनची बाटली आहे का?"

फ्रीजवर नऊ बाटल्या जमल्या. एक लहान मुलांची होती, एक गरोदर बायकांची.

काही आठवड्यांनी त्याचे ओठ फुटले, कातडीची सालं निघायला लागली, आणि गाळण्यात पूर्वीपेक्षा जास्त केस यायला लागले. मी विचारलं, "गोळ्या किती घेतोस?"

"एकच. बाटलीवर 'रोज एक' लिहिलंय ना."

"कुठल्या बाटलीवर?"

"सगळ्याच."

मी लेबलं वाचायला बसलो. सहा बाटल्यांत व्हिटामिन ए. ते अंगात साठत जातं, आणि अती झालं की केसच गळतात. म्हणजे हा बाबा केस उगवायच्या गोळ्या खाऊन होते नव्हते ते घालवत होता. आणि त्यातल्या दोन बाटल्या फार्मासिस्ट म्हणून मीच दिलेल्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊच्या नऊ बाटल्या मी जप्त केल्या.

*

दरम्यान कादरभाई मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आले. जाताना डोक्यावर घोंगडीसारखे दाट केस, येताना रिवाजाप्रमाणे चकाचक गोटा. मुकुंद त्यांच्याकडे बघतच राहिला. "कादरभाई, होते ते काढून आलात? मला द्यायचे!"

"मी लढाई टळू दे म्हणून मागायला गेलो होतो," कादरभाई म्हणाले. "त्यात तुझे केस कुठे घुसवू?"

जरा वेळाने नमाजाची टोपी घडी करत म्हणाले, "शेवटी मागितले पण."

तीन आठवड्यांत केस आले. कादरभाईंचे.

*

चिपळूणच्या शैलाताई आमच्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, "खायचं सोड, लावायला लाग," आणि जास्वंद घालून उकळलेलं खोबरेल दिलं. मुकुंदने सढळ हाताने थापलं. नेमका त्याच दिवशी गॅस मास्कचा सराव. तेल कपाळावरून ओघळलं आणि मास्क सरकत सरकत हनुवटीखाली गेला. सेफ्टी ऑफिसरने बघितलं, "यल्ला, चला, हा मेला," म्हणाला आणि यादीत फुली मारून पुढे गेला.

त्या सरावात आमच्या खात्यातून दगावलेला मुकुंद एकटाच, तोही खोबरेलाने.

*

युद्ध अगदी दाराशी आलं तेव्हा नाशिकहून पत्र आलं: काळजी वाटते, ताजा फोटो पाठवा. मुकुंदचं तोंड पांढरं पडलं. शैलाताई म्हणाल्या, "खरं काय ते कळव आणि मोकळा हो." याने काय करावं? गॅस मास्क लावला, वर कानटोपी ओढली आणि माझ्याकडून फोटो काढून घेतला. नाशिकला निघालेल्या एका कुटुंबाबरोबर तो फोटो गेला.

मग विमानं बंद झाली, सायरन सुरू झाले. गॅस आत येऊ नये म्हणून सील केलेल्या खोलीत बसल्याबसल्या मुकुंद एकच विचारायचा, "मिळाला असेल का रे?"

युद्ध संपलं, विमानं सुरू झाली, आणि तेच कुटुंब परतताना एक पाकीट घेऊन आलं. मुकुंदच्याने ते फोडवेना, कादरभाईंनी फोडलं. आत एक चिठ्ठी. "फोटो मिळाला. मास्कचं समजलं. टोपी कशाला?"

खाली तिच्या घरच्यांचा फोटो. वडील, दोन काका, आजोबा, थोरला भाऊ, सगळे ओळीने खुर्च्यांवर बसलेले, आणि पाचही डोकी उन्हात चकाकत होती. मुकुंदने फोटो उलटा केला. मागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं:

"आमच्या घरात कंगवे दोनच आहेत. एक आईचा, एक माझा."

मुकुंदने ते दोनदा वाचलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि शीळ घालत आंघोळीला गेला. त्याचं गाळणं ओट्यावरच राहिलं होतं.