टेक म्हणताच टेकलेली जनाबाई

इरा, निहाल,

थळच्या हळदीचा कार्यक्रम तुम्ही तिकडे कॅनडात पाहिलात आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारलंत, "आजी, सुरुवातीला तो माणूस ओरडतो आणि गाणाऱ्या आजीबाई चक्क खाली बसतात. ती चूक तुझी होती का?" तेवढ्यात तुमची आई जेवायला हाका मारू लागली, म्हणून उत्तर राहिलं. ते आत्ताच लिहून पाठवते, कारण दोन-चार वर्षांनी मीच ते सजवून सांगायला लागेन.

हो, चूक माझी होती. आणि तिच्यामुळेच कार्यक्रम वाचला.

आजी टीव्हीत होती आणि आता नागावला नारळाच्या वाडीत चित्रं काढत बसते, एवढंच तुम्हाला माहीत आहे. टीव्हीत मी शिरले ती सेटचे पडदे रंगवायला. पुढे तीस वर्षं संगीताच्या कार्यक्रमांची डायरेक्टर होते. असा कार्यक्रम चार कॅमेऱ्यांवर चालतो. डायरेक्टर ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे यंत्रांनी भरलेल्या गाडीत, चार मॉनिटरसमोर बसते. ती "टू" म्हणाली की शेजारचा माणूस बटण दाबतो आणि दोन नंबरच्या कॅमेऱ्याचं चित्र रेकॉर्ड होतं. कधी "टू" आणि कधी "थ्री", हे गाण्याच्या मात्रा मोजून आधीच कागदावर लिहिलेलं असतं. त्यासाठी गाणं दर वेळी अगदी तेवढंच, तसंच हवं. म्हणून पुष्कळदा प्लेबॅक वापरतात. गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड करायचं, शूटिंगला तो ट्रॅक वाजवायचा आणि गाणाऱ्याने नुसते ओठ हलवायचे.

गेल्या हिवाळ्यात एका चॅनेलने मला निवृत्तीतून उठवलं. थळच्या कोळीवाड्यात प्राजक्ता नावाच्या मुलीची खरीखुरी हळद होती. गाणार होती जनाबाई. ती धवलारीण; लग्नाचे विधी आणि त्यांची गाणी जिच्या तोंडी असतात, ती बाई. पूर्वी एकदा कुणीतरी तिचं शूटिंग करून वर दुसरीच्या आवाजातलं गाणं घातलं होतं. सगळा कोळीवाडा तिला महिनाभर हसत होता. म्हणून तिच्या ओटीवर बसून मी शब्द दिला होता, "जनाबाई, त्या दिवशी तुम्ही जे गाल, तेच टीव्हीवर ऐकू येईल."

मला न सांगता चॅनेलच्या सौरभने तिला मुंबईला नेऊन गाणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. सौरभ म्हणजे आमचा प्रोड्यूसर. हे मला कळलं ते थेट हळदीच्या दिवशी, सकाळच्या रिहर्सलला. ट्रॅक सुरू झाला. ट्रॅक एकीकडे, जनाबाईचे ओठ भलतीकडे. तीनदा तसंच. शेवटी तिने हात वर केला.

"हा कोनाचा गाना लावलाव?"

"तुमचंच आहे, आजी," सौरभ म्हणाला.

"माझा हाय, पन या नवरीचा नाय. तवा समोर कोन नव्हता, म्हनून माझ्या नातीचा नाव घातला. आता हिच्या हलदीला तिचा नाव गाऊ? हिची आयस मना दर्यात बुडवील!"

बायका खो खो हसल्या. सौरभ मात्र तडक व्हॅनमध्ये आला.

"मॅडम, क्लोज-अप घेऊच नका. सगळं लांबून दाखवा आणि ट्रॅक जाऊ दे. नावं कोण ऐकतंय?"

"प्राजक्ताची आई ऐकेल. ट्रॅक लावायचा नाही."

"ती दर वेळी वेगळं गाते. तुम्ही मोजणार काय? बिघडलं तर मुंबईला मी काय सांगू?"

"जबाबदारी माझी, म्हणून सांगा."

"ते मी सांगणारच आहे," सौरभ म्हणाला.

मात्रांचा कागद आता रद्दी झाला होता. हळद दुपारी चारला. ती परत होणार नव्हती. मी जनाबाईच्या परसात गेले. ती बोंबील उलटत होती. गाण्यात काय काय येतं, विचारलं.

"कवा लांबंल, कवा आखूड व्हईल. पन पयली उंबराची डाल. मंग कलस. मंग पाच सवाशिनी. ता काय बदलत नाय."

म्हणजे लांबी बदलते, क्रम नाही! मी पिशवीतून जलरंग काढले आणि तिथेच बसून ती सांगेल तसं एकेक चित्र काढत गेले. चौदा झाली. ती व्हॅनमध्ये मॉनिटरखाली ओळीने चिकटवली आणि फोटो कॅमेरामनना पाठवले. ती जे गाईल, त्या चित्रातली गोष्ट कॅमेऱ्याने मांडवात शोधायची. तीन नंबरवाला म्हणाला, "मॅडम, हे तर बालवाडीचं पुस्तक झालं."

चार वाजले. जनाबाईने कुठे उभं राहायचं, तिथे मी जमिनीवर टेपची फुली चिकटवून घेतली होती. तिच्या उंचीला माइक लावला होता. प्राजक्ता पाटावर बसली होती, कॅमेऱ्यांच्या धाकाने लाकडासारखी. माझा हुकूम बाहेर पोहोचवणारा फ्लोअर मॅनेजर नितीन ओरडला, "साउंड रोलिंग... टेक!"

जनाबाईने पाटाच्या कडेला हात टेकला आणि ती सावकाश खाली बसली.

"आजी, बसता काय? उठा!"

"तूच बोललास ना, टेक? टेकले!"

मांडव हसला. प्राजक्ताही हसली, सकाळपासून पहिल्यांदा. ते हसू विरायच्या आत जनाबाईने गाणं उचललं.

"कट करा, मॅडम!" सौरभ माझ्या कानाशी ओरडला.

मी दोन नंबरचा मॉनिटर पाहत होते. सकाळभर नवरी खाली आणि जनाबाई वर. दोन चेहरे एका चौकटीत येतच नव्हते. आता गालाला गाल लागेल इतके जवळ होते, आणि गाण्यात प्राजक्ताचं नाव होतं.

"कुणी तिला उठवू नका. माइक खाली घ्या. टू!"

मग मी मोजलं काहीच नाही. तिने उंबर म्हटलं, डहाळी आली. कलश म्हटलं, तर बालवाडीवाला आधीच तिथे पोहोचला होता. मध्येच प्राजक्ताची बोर्ली पंचतनची आत्या उशिरा येऊन टेकली. जनाबाईने तिचंही नाव ओवलं. त्याचं चित्र नव्हतं, पण चार नंबरचा कॅमेरा आपणहून वळला आणि डोळे पुसणारी आत्या मॉनिटरवर आली. "फोर!" मी जवळजवळ किंचाळले. बावीस मिनिटं, एका दमात. संपलं तेव्हा व्हॅनमध्ये पहिली टाळी सौरभने वाजवली.

नंतर मी जनाबाईला विचारलं, "सकाळी उभ्याने का गात होतात?"

"तुमी बोललाव उभी रा. हलद उभ्यानं कोन गातं, बाय? मना वाटला, टीवीत तसाच असल."

तीस वर्षांचा अनुभव, आणि गाणारी बसते कुठे हे मी विचारलंच नव्हतं.

मुंबईच्या साहेबांनी कार्यक्रम पाहिला आणि एक सेकंदही कापू दिला नाही. ते "टेक"ही तसंच राहिलं. लाइव्ह घ्यायची कल्पना आपलीच होती, असं सौरभ हल्ली सांगतो. सांगू दे. माझ्यापुरता धडा एवढाच: फुली चिकटवण्याआधी बाईला विचारावं.

चौदापैकी तेरा चित्रं माझ्या कपाटात आहेत, दोनांवर हळदीचे डाग आहेत. कलशाचं चित्र प्राजक्ताच्या आईने मागून घेतलं. ते थळला त्यांच्या भिंतीवर आहे. गाणं जनाबाईकडे आहे, आणि ती अजून बसूनच गाते.

तुमची,
आजी