गोणपाटात ठेवलेले शेंडे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी राजेश्वरीनं चौकटीची एक बाजू धरली, दुसरी सासूला, सावित्रम्माला, धरायला सांगितली, आणि अठ्ठावीस दिवस फरशीवर आडवी ठेवलेली ती चौकट दोघींनी भिंतीला उभी केली. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, चार बोटं खोल. तोंडावर तारेची जाळी, जाळीला बारा ओळींत बारा-बारा भोकं, आणि प्रत्येक भोकात जाड, मांसल पानांचं एकेक रोप. दोघी मागं सरकल्या.

वरून दुसऱ्या ओळीतलं एक रोप सुटलं आणि खाली पडलं. ओल्या कणकेचा गोळा पडावा तसा आवाज झाला. मग त्याच्या शेजारचं. मग खालच्या ओळीतली तीन एकदम.

"धर की," सावित्रम्मा म्हणाली.

"काय काय धरू, अत्तम्मा?"

वीस-बावीस पडल्यावर राजेश्वरीनं चौकट पुन्हा आडवी केली. पडलेलं एक रोप उचलून उलटं केलं. वरची पानं हिरवी होती, कडांना गुलाबी झाक होती. खाली देठाच्या जागी काळा चिखल होता. मूळ एकही नव्हतं. तिनं बोटं नाकाशी नेली. नासक्या काकडीचा वास आला.

"काल रात्रीपर्यंत नवरीसारखी दिसत होती," सासू म्हणाली.

"वरनं."

हे काम देणाऱ्या देवयानीची गाडी अकरा वाजता येणार होती. चौकट होटगी रोडवरच्या एका नव्या बंगल्यात लागायची होती. तिथं रविवारी वास्तुशांत होती.

राजेश्वरी त्रेपन्न वर्षांची आहे. सोलापूरजवळ कुंभारीच्या कामगार वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात ती आणि सावित्रम्मा राहतात. नवरा यंत्रमागावर होता, तो वारला त्याला सात वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन भिवंडीला गेली. राजेश्वरी चौदाव्या वर्षापासून बिड्या वळते. सकाळी कारखान्याच्या शाखेतून पान, तंबाखू आणि सूत आणायचं, दिवसभर मांडीवर सूप घेऊन त्यात वळायचं, वळलेल्या बिड्या दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. एकोणचाळीस वर्षांत या क्रमात फारसा फरक पडला नाही.

डिसेंबरात खोकला थांबेना, तेव्हा ती शहरातल्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला.

"तंबाखू बंद करा."

"मी जन्मात तोंडात घातली नाही, डॉक्टरसाहेब."

"तोंडात नसेल. मांडीवर असते की दिवसभर. सूप बंद करा. हे आणखी एक वर्ष चाललं, तर मग माझ्याकडे येऊ नका, मोठ्या दवाखान्यात जा."

बाहेरच्या खोलीत त्याच वेळी देवयानी एका भिंतीवर रोपं लावत होती. तिशीतली बाई, जुळे सोलापूर भागातली. भिंतीवरच्या बागा करून देणं हा तिचा धंदा. सोलापूरचं ऊन आणि दिवसांआड येणारं पाणी बघून ती अशीच झाडं लावते, जी पानांत पाणी साठवतात आणि दहा दिवस मागत नाहीत. राजेश्वरी बाकावर बसून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, तुमचा अंगठा चुकतोय." आणि उठून स्वतः लावायला लागली. देवयानीची दहा होईतो हिची चाळीस झाली. बिडीच्या तोंडाची घडी घालणाऱ्या बोटांना ते काम म्हणजे काहीच नव्हतं.

तिथून हे सुरू झालं. जानेवारीभर देवयानीनं शिकवलं. भुसा, जाड वाळू आणि विटेचा चुरा किती घालायचा, जाळी कशी ताणायची. फेब्रुवारीत तिनं शेंडे कापून दिले, एकशे चव्वेचाळीस आणि वर थोडे. "मावशी, ही एक चौकट तुम्ही एकट्यानं घरी करायची. ही उभी राहिली की दर महिन्याला काम आहे. सूप माळ्यावर टाका."

सूप माळ्यावर गेलं नाही, तेवढ्या दिवसांपुरतं सावित्रम्माच्या मांडीवर गेलं. सून मातीत होती म्हणून म्हातारी तिच्या नावावर बिड्या वळत राहिली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शाखेत रोज मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जायच्या.

शेजारची शबाना सूप घेऊन ओट्यावर यायची. "काय अक्का, मेथी लावली काय पेटीत? निवडायला कवा बसायचं?"

"तुझ्या जिभेवर लावते. तिथं पाणी भरपूर हाय."

ओट्यावरच्या सगळ्या जणी हसत होत्या. राजेश्वरीही हसत होती.

देवयानीचं सांगणं साधं होतं. कापलेले शेंडे सुपात पसरून आठ दिवस सावलीत कोरडे ठेवायचे. कापल्या जागी खपली धरली, की मगच मातीत. पाणी नाही. पानं थोडी सुकतील, सुकू द्यायची.

तिसऱ्या दिवशी पानांना सुरकुत्या पडल्या. राजेश्वरीनं एक पान चिमटीत धरून पाहिलं, ते मऊ लागलं. बिडीचं पान सुकलं की संपलं. कात्रीखाली चुरा होतो, वळताना फाटतं, शाखेत बिडी परत येते. म्हणून संध्याकाळी पान भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, सकाळी ते लोण्यासारखं मिळतं. लग्न होऊन आल्यावर सावित्रम्मानं तिला सर्वांत आधी हेच तपासलं होतं, गोणपाट किती ओलं ठेवते ते.

त्या रात्री तिनं शेंडे गोणपाटात गुंडाळले. सकाळी पानं पुन्हा टणक झाली होती. तिला बरं वाटलं. पुढच्या चार रात्री तिनं तेच केलं. सासूनं गोणपाट दोनदा हातानं दाबून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाली. मग लावणी झाली. देवयानी मध्ये एकदा येऊन गेली. पानं टवटवीत होती. चार आठवडे हलवायचं नाही असं तिचंच सांगणं होतं, म्हणून तिनंही एखादं उपटून पाहिलं नाही.

अकराला पाच मिनिटं असताना गाडी आली. देवयानी चौकटीजवळ उकिडवी बसली. तिनं एक रोप उचललं, मग दुसरं, मग मधल्या ओळीतलं तिसरं. तिन्ही अलगद हातात आली.

"पाणी किती घातलंत?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच."

"लावायच्या आधी? भिजवले होते का?"

"भिजवले नाहीत. ओल्या गोणपाटात ठेवले होते. रात्रीचे."

"कशाला?"

राजेश्वरीनं तिच्याकडे पाहिलं. "पान आहे ना, ताई."

देवयानीनं हातातलं रोप खाली ठेवलं. मग तिनं फोन काढला आणि बाहेर ओट्यावर जाऊन पुण्याच्या एका नर्सरीशी बोलली. तयार रोपं शनिवारी येणार होती. आत येऊन म्हणाली, "चूक माझी पण आहे, मावशी. का कोरडं ठेवायचं, ते सांगायला हवं होतं."

"पुढची कधी?"

"आता ऊन. मग पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा शेंडे धरत नाहीत. ऑक्टोबरात बघू." जाळी, फळ्या आणि माती चांगली होती, म्हणून चौकट ती घेऊन गेली.

जेवायच्या आधी राजेश्वरीनं खोली झाडली. ट्रंकेखालून केरसुणीबरोबर तीन शेंडे बाहेर आले. सुपातून कधीतरी घरंगळले असणार. पानं सुकून निम्मी झाली होती, धुळीनं राखाडी दिसत होती. तिन्हींच्या देठांना दोऱ्याएवढी गुलाबी मुळं फुटली होती, बोटाच्या पेराएवढी लांब.

"हे जगले की," सावित्रम्मा म्हणाली. डोळे बारीक करून तिनं मुळं चाचपली.

"हो."

"कुंडीत लाव."

"लावते."

तिनं ते शेंडे खिडकीत ठेवले. कुंडीत लावले नाहीत. दुपारी ती सासूच्या समोर बसली, तिच्या मांडीवरचं सूप उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं. सावित्रम्मानं ते सोडायला थोडा वेळ लावला.

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

"ऑक्टोबरपर्यंत घर कसं चालायचं, ते त्याला कुठं माहीत आहे."

संध्याकाळपर्यंत पाचशे बिड्या झाल्या. ती दोनदा खोकायला बाहेर जाऊन आली. दिवेलागणीला तिनं उरलेलं पान बादलीत बुडवलं, निथळू दिलं आणि त्याच गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं.

उद्या शुक्रवार. शाखा सकाळी नऊ वाजता उघडते, आणि नावावरचं पान घ्यायला राजेश्वरीला स्वतः जावं लागतं.