लाल फडक्याची घडी

बाळांनो,

तुमच्या आईच्या उजव्या भुवईतली रेघ कशाची, असं तुम्ही तिला विचारलंत. लहानपणी घाटकोपरला खाणीजवळ एका निष्काळजी बाईमुळे दगड लागला, असं तिने सांगितलं. परवा फोनवर ती मला हे सहज बोलून गेली. तिची चूक नाही. मीच तिला तसं सांगत आले. पण ती बाई निष्काळजी नव्हती. मी गेल्यावर हे सांगायला कोणी उरणार नाही, म्हणून आता लिहिते.

सत्तर सालच्या आसपास आम्ही गिरगाव सोडून घाटकोपरला नव्या इमारतीत राहायला आलो. नवी जागा पायांनी पाहायची, वहीत तिचा नकाशा काढायचा, ही माझी जुनी खोड. शनिवारी सकाळी वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, खांद्यावर चार पदरी घडीचा रुमाल आणि चार वर्षांची तुमची आई, एवढं घेऊन मी निघायचे.

टेकडीवरची वस्ती मात्र नकाशात मावेना. गल्ली म्हणून शिरावं तर ती कुणाच्या तरी चुलीपाशी संपायची. एका घरच्या रेडिओवर चार घरं गाणी ऐकायची. नळावर हंड्यांची रांग आणि रांगेपेक्षा लांब भांडण. खाटेवर पापड, पापडांवर कोंबडी आणि कोंबडीला शिव्या. तुमची आई हरखून गेली होती. मीही.

वस्तीच्या वरच्या टोकाला, खाणीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी, एक मालवणी बाई दगडावर बसलेली असायची. नवऱ्याची गिरणीतली नोकरी सुटल्यावर तिने खाणीवर काम धरलं होतं. पहिल्याच दिवशी तिने हटकलं.

“गो बाय, काय लिवतंस ता? घरां पाडूक इलंस काय?”

“नाही हो, नुसती बघतेय.”

“बघूक काय आसा हय? दगड?” ती हसली आणि तुमच्या आईच्या हातावर तिने चार आमसुलं ठेवली.

तिच्या घरात देवांच्या तसबिरी होत्या, पण एकीलाही काच नव्हती. काच का नाही, असं मी विचारलं.

“रवणा नाय,” ती म्हणाली. म्हणजे टिकत नाही.

मी ते वहीत लिहिलं, पण समजून घेतलं नाही. छपरांवरचे दगडही मी लिहिले होते. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवले असतील, असं मला वाटलं. काही ठेवलेले होते. काही आलेले होते.

मला तेव्हा माहीत नव्हतं, ते तुम्हांला आधीच सांगते. सुरुंग लावायच्या आधी ती बाई बांबूवर लाल फडकं बांधायची आणि डबा वाजवत घरोघर फिरून माणसं आत घालायची. वाटेवर कोणी उरलं नाही की येऊन फडकं उतरवायची. खाली खाणीतला माणूस बांबूकडे डोळे लावून बसलेला असे. फडकं उतरलं की तो वात पेटवी.

त्या शनिवारी ती जागेवर नव्हती. पलीकडच्या गल्लीत डबा वाजत होता. बांबूवरचं फडकं एका गाठीवर लोंबत होतं, त्याचं टोक चिखलात. कुणाचं तरी वाळत घातलेलं वाऱ्याने अडकलं असेल, असं मला वाटलं. मी ते सोडवलं, झटकलं, चार पदरी घडी घातली आणि तिच्या बसायच्या दगडावर ठेवलं. मग तुमच्या आईचं बोट धरून वाटेने वर निघाले.

वीसेक पावलं गेल्यावर जाणवलं की रेडिओ बंद आहेत. नळावर कोणी नाही. हंडे मात्र रांगेत उभे. एक दार लागलं, मग दुसरं. तुमच्या आईने विचारलं, “आई, सगळे कुठे गेले?”

मागून किंकाळीसारखी हाक आली. “गो बाय! फडको खंय गेलो? चेडवाक धर!” ती धावत आली आणि आम्हां दोघींना तिने एका भिंतीशी दाबलं. जमीन हलली. मग पत्र्यांवर दगड पडायला लागले. एक कपची तुमच्या आईच्या भुवईला लागली. बोटभर खाली लागली असती तर डोळा गेला असता.

त्या बाईने आपला पदर फाडून जखम बांधली. तेवढ्यात खाणीचा मुकादम ओरडत वर आला. “फडकं कोणी उतरवलं?”

“वाऱ्याने पडलं असेल,” मी म्हणाले.

त्याने दगडावरचं फडकं उचललं. “वारा घडी घालतो काय, बाई?” मग तो तिच्याकडे वळला. “घडी घालून घरी चालली होतीस काय गं? पोर मेली असती म्हणजे?”

तिने घडीकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या नीट चार पदरी रुमालाकडे. ती काहीच बोलली नाही. मीही नाही. मुलगी रडत होती, दवाखाना गाठायचा होता, ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली.

पुढच्या शनिवारी मी एकटीच गेले, सांगायचं असं ठरवून. दगडावर दुसरी बाई बसली होती. काच नसलेल्या तसबिरींच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, गावाला गेली. गाव कुणालाच माहीत नव्हतं. मुकादम समोरच बिडी ओढत उभा होता. त्याला सांगता आलं असतं. मी घरी परत आले.

आता ती खाण नाही आणि टेकडीही अर्धीच उरली आहे. माझी वही आहे, तिच्यात तो नकाशा अपुरा आहे. आणि तुमच्या आईच्या भुवईत तेवढ्या जागी अजून केस उगवत नाहीत.