फॉर्मात लिहिलेलं गाव

मे महिना लागला की जबलपूरशेजारच्या रांझीची आमची कॉलनी रिकामी व्हायची. लष्करी सामानाच्या सरकारी फॅक्टरीत कामाला असलेली माणसं कुठून कुठून आलेली. शाळांचे निकाल लागले की शेजारचे बंगाली, वरच्या मजल्यावरचे मल्याळी, कोपऱ्यावरचे पंजाबी, सगळे होल्डॉल आवळून आपापल्या गावी निघायचे. जाताना किल्ल्या आमच्या आईकडे, कुंड्या आईकडे, एका वर्षी तर पोपटाचा पिंजरासुद्धा आईकडे. आम्ही मात्र जिथल्या तिथं. मला ह्याचा भयंकर राग यायचा. दुसऱ्याच्या पोपटाला रोज मिरची भरवताना तर जरा जास्तच.

सरकारची एक सवलत होती. दर दोन वर्षांनी नोकरदाराला बायकोमुलांसह आपल्या गावी जाऊन यायचं भाडं मिळे. गाव कोणतं, ते नोकरी लागताना एका फॉर्मात लिहून द्यायचं. आमच्या बाबांनीही लिहून दिलं होतं, आणि तिथंच घोळ झाला होता. बाबांचा जन्म जबलपूरचा, त्यांच्या वडिलांचाही जबलपूरचा. पणजोबा कधीतरी कोकणातून आले, एवढीच माहिती. पण फॉर्म भरायच्या रांगेत बाबांच्या पुढचा सांगत होता दूर दक्षिणेतलं गाव, मागचा सांगत होता पंजाबातलं. आपण नुसतं ‘जबलपूर’ म्हटलं तर कुठलेच नसल्यासारखं होईल, असं त्या विशीतल्या पोराला वाटलं. त्यानं छाती काढून आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं रत्नागिरीकडच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ते गाव त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढंही तिथं जायचा धीर त्याला झाला नव्हता; सवलत कागदावरच राहिली.

पण एकदा लिहून दिल्यावर बाबा त्या गावाचेच झाले. ‘आमच्या गावी फणस असे असतात’, ‘आमच्या गावी पाऊस असा पडतो’ असं ते आईला ऐकवायचे. आई जबलपुरातल्याच दीक्षितपुऱ्याची. तिच्या घराण्यानं मराठ्यांच्या चाकरीपासून जबलपूर सोडलं नव्हतं. “माझं गाव काय, ओमतीला बसमधून उतरलं की आलं,” असं ती म्हणायची, आणि बाबा हसायचे. माहेराला जायला बस पुरते, त्याला काय माहेर म्हणायचं! आईनं एकदा रांझीच्या पुढं छोटीशी जागा घेऊन ठेवू म्हटलं. बाबा म्हणाले, “इथं काहून? इथं आपण नोकरीपुरते. रिटायर झालो की गावी जाऊ.” आई गप्प बसली. ती अशी गप्प बसली की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढायचा.

मी अकरा वर्षांची असताना बांगलादेशची लढाई झाली. आमच्या खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, फॅक्टरीचा भोंगा वेळीअवेळी वाजायला लागला, आणि बाबांचा रविवार गेला. बाबा तपासणीच्या खात्यात होते. बारा-बारा तास गेज लावून माल तपासायचे आणि घरी येऊन लाल डोळ्यांनी जेवायचे. काय तपासता, ते मात्र विचारायचं नाही. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या. आम्ही हिरमुसलेले बघून बाबा एकदा जेवता जेवता म्हणाले, “लढाई संपू दे. मग चांगली लांब रजा काढतो. कुठं जायचं ते तुम्ही ठरवून ठेवा.”

झालं. लढाई तिकडे सीमेवर संपली तरी आमच्या घरात चालूच राहिली. मला समुद्र पाहिजे होता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान भावाला पचमढी पाहिजे होती, कारण त्याच्या वर्गातला एक मुलगा तिथं घोड्यावर बसून आला होता. चार वर्षांच्या धाकटीचं म्हणणं कुणी विचारलं नाही, पण तिचा विचार सगळ्यांना करावा लागे, कारण ती प्रत्येक वाहनात ओकायची. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं आम्ही न मिळालेल्या रजेवरून एकमेकांच्या वेण्या आणि कान ओढत होतो.

शेवटी बाबांनी फॅक्टरीची पद्धत घरात आणली. त्यांच्या गेजला दोन टोकं असायची. एक टोक भोकात सरळ शिरलं पाहिजे, दुसरं अजिबात शिरता कामा नये. दोन्ही शिरली तरी माल बाद, एकही नाही शिरलं तरी बाद. “तसंच करू,” ते म्हणाले. “पहिलं टोक, मुलांना मजा. दुसरं टोक, आईला त्रास. बोला.”

आईला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. तिनं बोटांवर मोजत सांगितलं. पिण्याचं पाणी चांगलं पाहिजे, सकाळी दूध मिळालं पाहिजे, डॉक्टर हाकेवर पाहिजे, “आणि जिथं मला वीस माणसांच्या पोळ्या लाटायच्या नाहीत, असं एक तरी ठिकाण दाखवा.” ह्यात नागपूरचे काका पहिल्याच फेरीत बाद झाले. काश्मीरचं नाव भावानं उगीच घेतलं, तिथल्या बर्फापेक्षा बंदुकाच जास्त असतील म्हणून तेही बाद. पचमढीचा शेवटचा रस्ता घाटाचा, बसचा. सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. पचमढी बाद. भाऊ रडला.

मग बाबा ताटातल्या भाताकडे बघत म्हणाले, “आपलं गाव?”

“समुद्र आहे?” मी विचारलं.

“दारातच.”

“अन् जायचं भाडं मिळते,” भाऊ डोळे पुसत म्हणाला. कॉलनीतल्या पोरांना हे नियम पाठ असत.

“तिथं आपलं आहे कोण पण?” आईनं विचारलं.

“असेलच कोणीतरी. गाव आहे ते आपलं. ओळखणार नाहीत का?” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं की आईनं पुढं प्रश्न केला नाही. मला आता कळतं, ते सुट्टी काढून समुद्र बघायला निघाले नव्हते. कुणीतरी दारात येऊन ‘अरे, तू अमक्याचा नातू ना?’ असं म्हणावं, एवढ्यासाठी निघाले होते.

त्यासाठी त्यांनी तयारीही केली. भेडाघाटला जाऊन गावातल्या पोरांसाठी दगडाचे डझनभर छोटे हत्ती आणले. नवा शर्ट शिवला. मे महिन्यात आम्ही आमची किल्ली शेजारच्या बंगाली काकूंकडे दिली, त्यांचं निघणं तीन आठवड्यांनी होतं म्हणून. ती किल्ली देताना मला जो आनंद झाला, तो पुढं पदवी घेतानाही झाला नाही.

जबलपूर ते मुंबई आगगाडी, मुंबईहून कोकणची बोट. धाकटी आगगाडीत दोनदा ओकली, आणि बोटीवर पाय ठेवल्याबरोबर खडखडीत बरी झाली. भाऊ मात्र कठड्याला धरून आडवा. बोट बंदरापासून लांब उभी राहिली. तिथून पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, उतरायचं. खलाशांनी आईला हात देऊन खाली घेतलं, तेव्हा ती एका हातात ट्रंकेची कडी आणि दुसऱ्या हातात पदर धरून इतकी हसत होती, की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

गाव खरंच सुंदर होतं. दुरून डोंगर साजरे, पण हा जवळूनही साजरा. शाळेला सुट्टी होती, मास्तरांनी शाळेची एक खोली उघडून दिली. समुद्र खरोखर दारात होता. आम्ही तिघं सकाळी पाण्यात शिरायचो ते जेवायलाच बाहेर.

बाबा मात्र सकाळी नवा शर्ट घालून घरोघर जायचे. आडनाव सांगायचे, पणजोबांचं नाव सांगायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. एका अंगणात एक म्हातारे गृहस्थ सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “ह्या आडनावाचं घर माझ्या पाहण्यात नाही हो,” ते म्हणाले. “असेलही पूर्वी. गेले ते गेले. तुम्ही कुठून आलात म्हणालात?”

“जबलपूर. पण आम्ही इथलेच,” बाबा म्हणाले.

“जबलपूर! म्हणजे खूपच लांबून आलात.” त्यांनी आत वळून हाक मारली. “अगं, पाहुणे आलेत. आंबे आण.”

“पाहुणे नाही हो,” बाबा म्हणाले, “इथलेच.”

“हो, हो,” म्हातारे म्हणाले. फार प्रेमानं म्हणाले, आणि आंब्याची टोपली पुढं सरकवली.

त्या दिवसापासून गावभर आम्ही ‘जबलपूरचे पाहुणे’ झालो. कुणी नारळ पाठवला, कुणी भात आणि आमटी, कुणी फणसाची भाजी. आईनं आठ दिवसांत एक पोळी लाटली नाही. विहिरीचं पाणी गोड, दूध दारात, डॉक्टरची गरजच पडली नाही. धाकटीनं दगडाचे हत्ती वाटून टाकले आणि बदल्यात फ्रॉकभर शिंपले आणले. गेजच्या दोन्ही टोकांना अशी चोख उतरलेली सुट्टी आमच्या घरात त्याआधी झाली नाही, नंतरही नाही. आणि बाबा रोज कुणाला तरी “पाहुणे नाही हो” असं सांगत होते. रोज आवाज थोडा खाली येत होता. सहाव्या दिवशी त्यांनी ते म्हणायचं सोडलं.

त्या संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. धाकटी बाबांच्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, “बाबा, घरी कधी जायचं?”

“हेच तर आपलं गाव, बेटा.”

“हे नाही. घरी. चलो ना.”

मी तिला दटावलं. इतक्या मजेत असताना घरी जायचं नाव कशाला काढायचं? बाबा तिच्या केसांतली वाळू झाडत राहिले. त्यांचा तो चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटतं. समोर इतका मोठा समुद्र होता आणि मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून होते. रांझीच्या बसमधून उतरलो तेव्हा ऊन रणरणत होतं. स्टॉपवरच्या पानवाल्यानं आम्हाला पाहिलं आणि हातातलं पान तसंच ठेवून तो बाहेर आला.

“आ गए भैया! बहुत दिन लगा दिए. मैं तो सोच रहा था, तबीयत तो ठीक है? बाबूजी जैसे आप भी बोल के नहीं जाते.”

“बाबूजी कब नहीं बोलके गए?” बाबांनी विचारलं. बाबूजी म्हणजे माझे आजोबा. ते मी जन्मायच्या आधीच गेले होते.

“अरे, मेरे बाप से पान लेते थे. दो जोड़ी, सुपारी कम. एक बार हफ्ता भर गायब, और पता चला इटारसी चले गए थे शादी में.”

बाबा ट्रंक खाली ठेवून तिथंच उभे राहिले. मग दोघं आजोबांबद्दल बोलत बसले, सायकलवरून ते दोनदा कसे पडले आणि कुणी कसं उचललं, सगळं. मला तहान लागली होती आणि मी पाय आपटत होते. “बाबा, चला ना! काय करून राहिले तुम्ही?” ते ऐकतच नव्हते. आई मात्र ट्रंकेवर बसली आणि आम्हाला म्हणाली, “थांबा जरा. बोलू द्या त्यांना.”

त्यानंतर आठेक दिवसांनी बाबा दुपारच्या जेवणाला घरी आले ते हात न धुताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आई पोळ्या लाटत होती.

“फॉर्म बदलून आलो,” ते म्हणाले.

“कोणता फॉर्म?”

“गावाचा. ऑफिसातले बडे बाबू म्हणाले, सोच लो, एकदाच बदलता येते. अन् नोकरीच्याच ठिकाणचं गाव लिहिलं तर सवलत संपली. मी म्हटलं, लिहा जबलपूर.”

भाऊ उडालाच. “म्हणजे आता भाडं कधीच नाही?”

“नाही.”

“मग आपण कुठंच नाही जायचं?”

“जाऊ की. पचमढीला जाऊ, पुरीला जाऊ. धाकटीला मोठी तर होऊ दे. पण जाऊ तिथं पाहुणे म्हणून जाऊ. आंबे खाऊ, परत येऊ.” मग ते आईकडे वळले आणि उगीच शर्टाची बाही सरळ करत म्हणाले, “तुझ्या घरचे हसतील आता. घरजावई झालो म्हणतील.”

आईनं लाटणं खाली ठेवलं. पिठाच्या हातानंच डोळे पुसले, त्यामुळे गालावर पांढरा पट्टा उमटला. ती हसत होती.

“या मग,” ती म्हणाली. “लग्नाला तेरा वर्षं झाली, वाट पाहून राहिली मी.”