अंगठा

मटण खाता ना? मग सांगा, कापताना त्या जनावराचे पाय कोणी धरले होते? नाही ठाऊक. दुकानदाराची सुरी सगळ्यांना दिसते. पाय धरणारं माणूस कुणाच्या खिजगणतीत नसतं.

या गोष्टीतली ती म्हणजे ते माणूस. बापाच्या दुकानात वाढली. सुरी थोरल्या भावाकडे, पाय हिच्याकडे. बापाने दोघांना एकच विद्या दिली: मांस डोळ्यांनी बघू नका, अंगठ्याने दाबून बघा. ताजं मांस दबतं आणि लगेच वर येतं.

बाप गेल्यावर एके सकाळी ती म्हणाली, "दादा, आजपासून मी पाय धरणार नाही."

"मग काय, जनावराला सांगू, बाबा तुझे तूच धर?"

त्या दिवसापासून दादाचा अबोला. निरोप असेल तर वहिनीमार्फत.

तिला काम मिळालं गावाबाहेरच्या एका कारखान्यात. तिथे जिवंत जनावराच्या अंगातून चिमूटभर पेशी काढतात, स्टीलच्या टाकीत पोषक पाण्यात वाढवतात आणि झाकणबंद ट्रेमध्ये त्यांचा थर जमवतात. सुरी नाही, पाय धरणं नाही. पण वीज भरमसाट लागते, माल मूठभर निघतो, आणि गाडी अजून खिम्यापर्यंतच आलीय. जाडजूड तुकडा जमत नाही. जाहिरातीत हे सांगत नाहीत. ती टाक्या धुते, म्हणून तिला ठाऊक.

पहिल्यांदा माल चाखायचं ठरलं आणि घरचं एक माणूस आणायची मुभा मिळाली. तिने वहिनीकडे निरोप धाडला. दादाचं उत्तर आलं, "येतो. थुंकायला का होईना."

येतोय! तिचा जीव थाऱ्यावर राहीना. दोन दिवस आधी ट्रे समोर दिसला. दादापुढे टिकेल हे? हातमोज्यातून काही कळत नव्हतं. तिने मोजा काढला, झाकण उचललं, अंगठा दाबला. मांस वर आलं. खुशीतच घरी गेली.

सकाळी ट्रे बुळबुळीत, खोलीभर घाण वास.

"झाकण कोणी उघडलं?" प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं.

झाकणावर खापर फुटलं असतं, गप्प बसता आलं असतं. "मी," ती म्हणाली. "अंगठा लावला."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, जिवंत अंगात जंतूंशी लढणारं रक्त असतं. याच्या बाजूने लढायला आपल्याशिवाय कोण आहे?"

सगळा माल फेकला. नोकरी वाचली, पण त्या खोलीत जायची बंदी झाली.

वहिनीला मध्ये न घालता ती थेट दुकानात गेली. दादा खिमा करत होता.

"उद्या येऊ नकोस. माल नासला. मी अंगठा लावला."

सुरी थांबली. "अंगठा?" दादा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "अगं बये, तुमचं मटण अंगठ्याला भितं!"

"हस. पण वर आलं होतं."

"लगेच?"

"जरा उशिरा."

"उशिरा म्हणजे शिळं." त्याने सुरी पुसली, पुन्हा पुसली. "परत माल कधी लावताय?"

"लावलाय. वेळ लागेल."

"मग सांगायला तूच ये. वहिनीला दमवू नकोस."

तुम्हीही या. आवडलं नाही तर तिच्या तोंडावर सांगा. खाटकाची लेक आहे, रडणार नाही. फक्त एवढं करा: आधी चाखा, मग थुंका. आणि दारात हात धुवा.