टोमॅटोच्या खटल्याची तालीम

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अठराशे त्र्याण्णव साली टोमॅटोबद्दल एक निकाल दिला आणि त्यामुळे माझी मैत्रीण माझ्याशी पुन्हा बोलायला लागली. मधे शंभराहून जास्त वर्षं गेली, पण कोर्टाच्या कामात थोडा उशीर धरूनच चालायचं असतं.

ही न्यू जर्सीतल्या एडिसनमधली गोष्ट. आमची घरं एकाच रांगेत, मधे फक्त दोन दारं. मी पुण्याची, ती नागपूरची. तिकडे असतो तर आमची ओळखसुद्धा झाली नसती, आणि झाली असती तरी मी तिच्या भाजीतल्या तेलावर आणि तिने माझ्या भाजीतल्या गुळावर बोलून ती संपवली असती. इथे मात्र आम्ही एकमेकींच्या घराच्या किल्ल्या बाळगायचो. माझी लेक तिच्याकडेच वाढली. लेकीने पहिलं पाऊल टाकलं ते तिच्या कार्पेटवर. हे तिने मला सांगितलंच नाही. दोन दिवसांनी लेक माझ्यासमोर चालली, मी घर डोक्यावर घेतलं, आणि ही शेजारी उभी राहून म्हणाली, ‘अगं बाई, चालून राहिली की ही.’ खरं काय ते मला चार वर्षांनी कळलं, तेही तिच्या नवऱ्याकडून.

अशा बाईचं मी नाटक पाडलं.

म्हणजे नाटक पडलं नाही, फार रंगलं. तीच तर पंचाईत. मंडळाच्या गणपतीत आम्ही एक कौटुंबिक नाटक बसवलं होतं. तिला आईची मुख्य भूमिका, शेवटी दीड पानाचं स्वगत. मला मोलकरीण, चार वाक्यं. ते दीड पान तिने न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तीन महिने पाठ केलं. खिडकीकडे बघून कळवळून बोलणाऱ्या बाईच्या शेजारी कुणी बसत नाही, त्यामुळे ऐन गर्दीतही तिची बाजूची सीट रिकामी असायची. प्रयोगाला तिची आई नागपूरहून आली होती. पहिल्या रांगेत, मधोमध.

स्वगताच्या सुरुवातीला ती रिकाम्या घराकडे बघून म्हणायची, ‘या घरात माझं म्हणावं असं आता काय उरलंय?’ आणि मग थांबायची. ते थांबणं तिने फार कष्टाने बसवलं होतं. मी मागे केरसुणी घेऊन उभी. सभागृहात सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि मी म्हटलं, ‘भांडी, बाई.’

हे वाक्य संहितेत नव्हतं. लोक खुर्चीतून खाली यायचे राहिले. पुढचं दीड पान ती बोलत राहिली आणि लोक डोळे पुसत राहिले, पण भलत्याच कारणासाठी. पडदा पडल्यावर मी विंगेत कौतुकाची वाट बघत उभी होते. ती माझ्या अंगावरून गेली, मेकअप न उतरवता गाडीत बसली, आणि त्यानंतर आठ महिने माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला त्या भूमिकेसाठी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते मी कपाटात मागे सारून ठेवलं.

माफी मागायला दोन दारं ओलांडायची होती. मी प्रयत्न केला नाही असं नाही. गाडी चालवताना, भांडी घासताना (हो, भांडीच) मी माफीची वाक्यं जुळवायची. पहिलं वाक्य बरं यायचं. दुसऱ्यात कोटी शिरायची. तिसऱ्याला मला माझंच हसू यायचं. अशी माफी घेऊन कुणाच्या दारात जाणार?

मग एप्रिलमध्ये तिच्या अंगणात घर विकायची पाटी लागली, आणि पंधरा दिवसांत तिच्यावर ‘सोल्ड’ची पट्टी चिकटली. मला हे पाटीने सांगितलं. बाकीचं माझ्या नवऱ्याने, तिच्या नवऱ्याकडून ऐकून. त्याला पार ॲरिझोनात, चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली होती. पुढच्या शनिवारी ट्रक येणार होता.

त्याच आठवड्यात लेक शाळेतून तोंड पाडून आली. नववीत होती. त्यांच्या वर्गात एकोणिसाव्या शतकातले खरे खटले पुन्हा चालवायचे होते, आणि चिठ्ठ्या टाकून खटले वाटले होते. एका मैत्रिणीला सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी धोब्यांचा खटला मिळाला, ज्यांना लाँड्रीचा परवाना नाकारत होते. दुसऱ्याला तिथल्याच एका चिनी स्वयंपाक्याचा. तो जन्मला इथे, पण चीनला जाऊन आल्यावर त्याला बोटीवरून उतरू देईनात. न्यायालयाने शेवटी सांगितलं की इथे जन्मला तो इथला. लेकीने हे सांगितलं तेव्हा मला एकदम उमगलं, की मी व्हिसाच्या कागदांत अडकलेली असताना माझी लेक जन्मतःच अमेरिकन झाली ती या स्वयंपाक्यामुळे. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

‘आणि तुला काय मिळालं?’

‘टोमॅटो,’ लेक म्हणाली. ‘आणि मी हरणारी साइड आहे.’

खटला असा होता. तेव्हा बाहेरून येणाऱ्या भाजीवर कर होता, फळांवर नव्हता. न्यूयॉर्कच्या बंदरावर टोमॅटो उतरले, अधिकाऱ्याने कर घेतला, आणि व्यापारी म्हणाला की टोमॅटो तर फळ आहे. वकिलांनी एकमेकांना चक्क शब्दकोश वाचून दाखवले. प्रकरण वरपर्यंत गेलं, आणि नऊ न्यायाधीशांनी एकमताने टोमॅटोला भाजी ठरवलं. लेकीला व्यापाऱ्याची बाजू मांडायची होती.

‘मला प्रॅक्टिस पाहिजे,’ ती म्हणाली. ‘रविवारी. बेसमेंटमध्ये. नऊ जजेस.’

बेसमेंट म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. मंडळाच्या नाटकांची कपड्यांची ट्रंक आमच्याकडेच असते. मी सगळे काळे झगे बाहेर काढले. दोन वकिलाचे, एक पाद्र्याचा आणि एक यमाचा, सोनेरी काठाचा. उरलेल्यांना काळ्या शाली. यादी लेकीने केली. रविवारी दुपारी तीन वाजता काका-काकू जमायला लागले, तेव्हा मी मोजले. माझ्यासकट आठ.

‘नववं कोण?’

लेक माझ्याकडे न बघता खुर्च्या सरळ करत होती. ‘मावशी,’ ती म्हणाली. ‘मी विचारलं, ती हो म्हणाली. माझ्यासाठी येतेय, तुझ्यासाठी नाही. तिने तसं सांगायला सांगितलंय.’

ती आली. आठ महिन्यांत मी तिला लांबून बघितलं होतं, गाडीत बसताना, कचऱ्याचा डबा ओढताना. जवळून बघितलं तर तिने केस कापले होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रंकेतली शेवटची शाल तिने घेतली आणि माझ्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीकडे निघाली.

‘एक मिनिट,’ लेक हातातला शाळेचा कागद बघत म्हणाली. ‘आधी शेक हँड. प्रत्येकाने प्रत्येकाशी.’

ही त्या न्यायालयाची खरीखुरी रीत आहे. एकोणिसावं शतक सरता सरता तिथल्या एका सरन्यायाधीशाने ती घातली. आपापसांत कितीही मतभेद असोत, बसण्याआधी नऊही जणांनी एकमेकांशी हात मिळवायचा. आजही मिळवतात म्हणे.

आमच्या बेसमेंटमध्ये मात्र गोंधळ उडाला. आम्ही मंडळी एकमेकांना वाकून नमस्कार करतो, कुंकू लावतो, निघताना दारात अर्धा तास उभे राहतो, पण हात मिळवायची वेळ आलीच नव्हती. एका काकूने समोरच्या काकांचा हात दोन्ही हातांत घेतला, जसा दवाखान्यात घेतात. ज्येष्ठ म्हणून सरन्यायाधीश केलेले काका, यमाच्या झग्यात, आधी प्रत्येकाला नमस्कार करून मग हात देत होते.

‘नऊ जणांत किती हस्तांदोलनं होतात?’ त्यांनी विचारलं. ते निवृत्त इंजिनिअर. स्वतःच हिशेब केला. ‘छत्तीस.’ मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चष्मा पुसायला घेतला.

‘मी चहाचं बघते,’ मी म्हटलं.

‘आई,’ लेक जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवी उभी राहिली. ‘इट्स द रूल.’

पस्तीस झाली. राहिली एक. सगळे एकदम आपापल्या शालींत काहीतरी शोधायला लागले. ती समोर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला, सरळ, बँकेत करतात तसा. मी धरला. माझ्या जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू. इतकी भरलेली शांतता मला रंगमंचावरसुद्धा क्वचित मिळाली आहे. मी ओठ आत दुमडून घेतले.

‘हात गार आहे तुझा,’ ती म्हणाली. आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य. आणि जाऊन बसली.

खटला सुरू झाला. माझा नवरा सरकारी वकील. त्याने वाटाणा, वांगं, काकडी, भोपळा आणि ढोबळी मिरचीचे, म्हणजे बिया असूनही भाजीच म्हणवणाऱ्यांचे, शब्दकोशातले अर्थ बातम्या दिल्यासारखे वाचले. लेकीने उलट बिनबियांचे बटाटा, कोबी, गाजर वाचले. मग ती बी, फूल, परागकण यावर जीव तोडून बोलली. टोमॅटो फुलातून येतो, पोटात बिया असतात, म्हणजे तो फळ.

‘तुझं सगळं मान्य,’ सरन्यायाधीश काका म्हणाले. ‘पण उपवासाला चालतो का? आज एकादशी आहे. वर टोमॅटोची कोशिंबीर केलेली मी येताना पाहिली.’

‘काका, ते रेलेव्हंट नाहीये.’

‘मला आहे.’

‘फळ असेल तर चालेल ना?’ लेकीने संधी साधली. ‘म्हणजे माझ्या बाजूने निकाल दिला तर तुम्ही कोशिंबीर खाऊ शकता.’

‘लाच देते आहे,’ सरकारी वकील म्हणाला. ‘नोंद घ्यावी.’

एका काकूंकडे चालतो, दुसऱ्या काकूंकडे टोमॅटो उपवासाच्या ताटाजवळ फिरकत नाही. पंधरा मिनिटं कोर्टाचा मासळीबाजार झाला. शेवटी काकांनी टेबलावर वरवंटा आपटला आणि म्हणाले, ‘निकाल एकच जण सांगेल. इथून जी चालली आहे, ती सांगेल.’

ती उठली. शाल डोक्यावरून सरळ केली. मी तो पवित्रा ओळखला. तोच, त्या नाटकातला.

‘पोरी, तू म्हणते ते शास्त्रात खरं आहे,’ ती सावकाश म्हणाली. ‘पण आम्ही पुस्तकात नाही राहत, घरात राहतो. कुणी आजारी पडलं तर आपण सफरचंदं घेऊन जातो, मोसंबी घेऊन जातो. टोमॅटो घेऊन कुणी गेलंय? सवाष्णीच्या ओटीत कुणी टोमॅटो घातलाय? पूजेला पाच फळं मांडतो, त्यात तो कधी बसलाय? फोडणीत जातो, वरणात जातो, भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या शेजारी बसतो. ज्यांच्यासोबत आयुष्य काढलं, त्यांच्यातलाच तो. लोक ज्याला जे म्हणून हाक मारतात, तो ते असतो.’ मग ती थांबली. ‘आता मला सांगा, त्याला घरातून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं, तर तो कोण राहील?’

ती तिथे थांबली, अगदी तशीच, तितकाच वेळ.

आणि माझ्याकडे वाक्य होतं. देवाशपथ सांगते, ‘भांडी’पेक्षा सरस होतं. ते घशापर्यंत आलं. खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली, कारण या जागी मी काहीतरी म्हणणार हे त्यांना वीस वर्षांच्या सवयीने माहीत होतं. नवऱ्याने तर डोळे मिटून घेतले.

मी गप्प बसले. मांडीवरची शाल दोन्ही मुठींत धरून गप्प बसले.

तिने ते थांबणं पूर्ण केलं. एकेकाकडे बघितलं, माझ्याकडे सगळ्यात शेवटी, आणि म्हणाली, ‘टोमॅटो भाजी आहे. आणि भाजीच राहील, कुठेही नेला तरी.’ एका काकूने नाक पुसलं. टोमॅटोसाठी नव्हतं ते.

‘मावशी,’ लेक वैतागून कागद हलवत म्हणाली, ‘त्यांनी ऑलमोस्ट हेच लिहिलंय. तू वाचलं होतंस?’

‘नाही बा,’ ती म्हणाली. ‘त्यांच्याही घरी कुणी स्वयंपाक करत असेल.’

काकांनी निकालाचा मान राखून कोशिंबीर सोडली आणि साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली. सगळे गेल्यावर ती दारात राहिली, पायात चपला घालत, एक घालून दुसरी शोधत.

‘आई हसली होती त्या दिवशी,’ ती खाली बघत म्हणाली. ‘तुझ्या भांड्यांवर. नागपूरला जाऊन सगळ्यांना तेच सांगितलं तिने. माझं स्वगत कुणाला सांगितलं नाही. ते लागलं मला.’

‘मला माहीत नव्हतं,’ मी म्हटलं. ‘चुकलं माझं.’ आणि तिथेच थांबले. दुसरं वाक्य येऊ दिलं नाही.

तिने चप्पल घातली. ‘आज काय होतं?’

‘कशात काय?’

‘नाटक नको करू. तुझे गाल फुगले होते. काहीतरी होतं तोंडात. काय होतं ते?’

‘नाही सांगणार.’

‘सांग ना.’

‘चँडलरला पोचल्यावर फोन कर, मग बघू.’

शनिवारी ट्रक आला. खोके भरायला मी दोन दिवस तिच्याकडेच होते. तिच्या घराची किल्ली माझ्याकडून परत घेताना ती माझ्या घराची परत द्यायला विसरली, आणि मी आठवण केली नाही.

याला बरीच वर्षं झाली. लेक शाळेत तो खटला हरली, आणि वकील न होता दातांची डॉक्टर झाली. त्यांच्या घरात आता एक गुजराती कुटुंब राहतं, फार चांगली माणसं आहेत. चँडलरहून दर रविवारी फोन येतो. उन्हाळा, गुडघे, कोणाच्या मुलाचं लग्न सगळं होतं, आणि ठेवता ठेवता ती विचारते, ‘ए, त्या दिवशी काय म्हणणार होतीस तू?’ मी म्हणते, पुढच्या वेळी.

खरं सांगायचं तर ते वाक्य मी विसरले आहे. पहिल्याच वर्षी विसरले. पण हे तिला कळता कामा नये.